बांबूच्या मुलखात

चंद्रपूरहून मूलमार्गे गडचिरोलीला जाणारी एस.टी. तुम्ही कधी धरली आहे का? धरली नसेल तर एकदा जरूर धरा, आणि जमल्यास खिडकीची जागा पाहून बसा. जंगल संपले की धानाच्या बांध्या लागतात, बांध्या संपल्या की पुन्हा जंगल सुरू होते. या साऱ्या वाटेवर एक वनस्पती मात्र तुमची पाठ सोडत नाही. घराच्या कुंपणाला ती, परसातल्या दोडक्याच्या मांडवाला ती, बाजाराला निघालेल्या बाईच्या डोक्यावरच्या टोपलीत ती, आणि दूर जंगलात झुबक्याझुबक्यांनी उभी असलेलीही तीच.

आपण तिला बांबू म्हणतो. या वाटेने जाता जाता तिची नीट ओळख करून घेऊ. ती कोणत्या कुळातली, तिची नावे कुठून आली, ती कशाकशाला उपयोगी पडते आणि मुख्य म्हणजे ती कोणाच्या मालकीची, हे पाहू. शेवटचा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. त्याचे उत्तर मिळायला फार वर्षे लागली, आणि इतकी वर्षे ते उत्तर अडून बसले होते एका शब्दापाशी.

भाताचा चुलतभाऊ

बांबू चाळीस-पन्नास फूट उंच वाढतो. त्याची शिडी होते, वासा होतो. त्यामुळे कोणीही त्याला सहज झाड म्हणेल. पण वाचकहो, तुम्ही शेतकरी आहात. उसाचे कांडे तुम्ही रोज पाहता. त्याची पेरे पाहा, पेराला धरून निघालेली पाने पाहा, बुडाशी फुटलेले फुटवे पाहा, आणि मग बांबूच्या बेटापाशी जाऊन उभे राहा. दोघांचे नाते कोणी सांगायची गरज उरणार नाही. ऊस, भात, गहू, ज्वारी आणि बांबू ही सारी एकाच कुळातली, गवताच्या कुळातली भावंडे आहेत.

झाड दरवर्षी थोडे थोडे जाड होत जाते. त्याचा बुंधा कापला की आत वर्षावर्षांची वर्तुळे दिसतात. बांबूत ती कधी दिसायची नाहीत. पावसाळ्यात कोंब जमिनीतून वर येतो तो आपली पूर्ण जाडी घेऊनच येतो. दोन-तीन महिन्यांत तो आपली सारी उंची गाठतो आणि मग वाढायचा थांबतो. पुढची दोन-तीन वर्षे तो फक्त आतून पक्का होत राहतो. जमिनीखाली त्याचा कंद पसरत असतो आणि दर पावसाळ्यात नवे कोंब वर ढकलत असतो. म्हणून पिकलेली काठी तोडली तरी बेट मरत नाही. गवत कापले की पुन्हा फुटते, त्यातलाच हा प्रकार.

फुलोऱ्याचा रिवाज मात्र या भावंडांत वेगळा आहे. भात दर हंगामाला निसवतो. बांबू आयुष्यात एकदाच फुलतो, बी धरतो आणि वाळून जातो. या भागातल्या बांबूला फुलोरा यायला साधारण २५ ते ४५ वर्षे लागतात, आणि आला की कधी कधी डोंगरचे डोंगर एकदम फुलतात. तांदळासारखे हे बी लोक गोळा करून शिजवून खातात. ‘बांबू फुलला की दुष्काळ’ असे जुनी माणसे म्हणत, त्यालाही कारण आहे. एवढे बी जमिनीवर पडले की उंदीर बेसुमार वाढतात आणि बी संपल्यावर शेतात शिरतात. मिझोरामच्या डोंगरांत १९५८-५९ साली असेच झाले, आणि उंदरांनी पिके फस्त केल्यामुळे तिथे खरोखरच दुष्काळ पडला.

नावांचा प्रवास

गाडी चंद्रपूर सोडते न सोडते तोच चिचपल्ली लागते. इथे २०१४ मध्ये बांबूच्या कामाचे शिक्षण देणारे आणि संशोधन करणारे केंद्र निघाले. पुढे इथल्या बांबूच्या मोठ्या बांधकामाला आग लागली. बांबू कितीही बळकट असला तरी जळाऊ आहे, याची आठवण त्या आगीने दिली. अशा ठिकाणी बांबू बांबू असे सारखे कानावर पडते, तेव्हा हा शब्द मुळात आपला आहे का, असा प्रश्न मनात येतो.

आपला जुना शब्द वेळू. संस्कृतात वेणू आणि पालीत वेळु. राजगृहाजवळचे जे बन बिंबिसार राजाने भगवान बुद्धांना दान दिले, त्याचे पाली ग्रंथांतले नाव वेळुवन, म्हणजे वेळूचे बन. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या गोष्टीतला तो शब्द मराठी माणसाला आजही अर्थ न विचारता कळतो.

संस्कृतात दुसरा शब्द आहे वंश. हिंदीतला बांस त्याच्यापासून आला, आणि आपल्या छपराचा वासाही त्याच्यापासूनच आला. ‘खाल्ल्या घरचे वासे मोजणे’ असे आपण म्हणतो, तेव्हा नकळत बांबूचेच नाव घेत असतो. बासरीचे मूळही याच शब्दात आहे. याच वंश शब्दाचा दुसरा अर्थ कूळ. एका कंदातून कोंबामागून कोंब निघतात, एका पेरावर दुसरे पेर चढते, तसे पिढीवर पिढी चढत जाते. लग्नातल्या झालीच्या विधीत बांबूच्या पात्रात दिवे लावून ते वराकडच्या मंडळींच्या डोक्यावर धरतात. त्या पात्राला वंशपात्र म्हणतात ते उगीच नव्हे. संस्कृतात पेराला, सांध्याला ‘पर्व’ असा शब्द आहे. महाभारताची जी पर्वे आहेत, ती त्या ग्रंथाची पेरेच म्हणायची.

दक्षिणेकडे वळलात तर कन्नडात बिदिरु आणि तेलुगूत वेदुरु हे शब्द भेटतात. गडचिरोली जिल्ह्याचे खालचे टोक, सिरोंचा, तेलुगू मुलखाला लागून आहे. तिथल्या बाजारात वेदुरु हा शब्द सहज कानावर येईल.

मग बांबू कुठला? हा शब्द परदेशी गलबतांतून फिरून आपल्याकडे आला. गार्सिया द ऑर्ता नावाचा एक पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत होता. त्याने इथल्या औषधी वनस्पतींवर लिहिलेले पुस्तक १५६३ साली गोव्यातच छापले गेले. बांबूच्या पेरात कधी कधी पांढरे खडे जमतात, त्यांना आपण वंशलोचन म्हणतो आणि ते सितोपलादी चूर्णात पडते. त्या वंशलोचनाविषयी लिहिताना ऑर्ताने या वनस्पतीला ‘मांबू’ म्हटले आहे. पुढे त्याचाच बांबू झाला आणि युरोपच्या भाषांत गेला. मुळात शब्द मलायी की कन्नड, यावर पंडितांचे एकमत नाही. इंग्रजी अमदानीत तो कचेऱ्यांच्या कागदांवरून पुन्हा आपल्या गावात आला आणि वेळूला मागे सारून बसला.

गावोगावच्या लोकांनी मात्र आपली नावे सोडलेली नाहीत. या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात मानवेल असतो. तो अंगाने बारीक, आतून जवळजवळ भरीव आणि काठीला उत्तम. दुसरा कटांग, जाड, पोकळ आणि काटेरी. देशावर त्या काटेरी जातीला कळक म्हणतात. तळकोकणात माणगा असतो. तो सरळ आणि बिनकाट्याचा असल्याने तोडायला सोपा जातो. बेटाला इकडे रांजी असा खास शब्द आहे. नुसते बांबू म्हटले तर यातले काहीच कळत नाही. मानवेल म्हटले की कामाचा माणूस लगेच ओळखतो की याची काठी होईल.

एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या. वेत आणि बांबू एक नव्हेत. वेत हा माडाच्या कुळातला वेल आहे.

सुपापासून तिरडीपर्यंत

वाटेत मूल लागते. बाजाराचा दिवस असेल तर थोडा वेळ उतरा आणि बुरुडांच्या दुकानापाशी थांबा. सुपे, टोपल्या, परड्या, दुरड्या, झाकण्या, करंड्या एकात एक घालून ठेवलेल्या दिसतील. बुरूड बांबू उभा चिरतो आणि त्याच्या कामट्या काढतो. बाहेरची हिरवी पाठ चिवट असते, ती बळकट कामाला घेतात. आतला भाग नरम असतो, तो हलक्या कामाला. ओला बांबू वाकतो, वाळला की मोडतो, म्हणून हे काम ताज्या बांबूवर करावे लागते. विणण्याचे काम बहुतेक घरांतून बायकाच करतात. बाराव्या शतकात कल्याणच्या शरणांमध्ये केतय्या नावाचे एक शरण होते. ते बांबूच्या टोपल्या विणून पोट भरीत. बुरूड समाज त्यांना आजही मानतो.

आता तुमच्याच घरात एक फेरी मारून पाहा. पाखडायला सूप, भाकरीला दुरडी, शेण भरायला पाटी, कोंबड्या झाकायला डालगे. धान्याची कणगी बांबूची, वरून शेणामातीने लिंपलेली. पेरणीच्या तिफणीला चाड्यातून बी खाली नेणारे नळे बांबूचे. चिखलणीत डोक्यावर घ्यायचे इरले बांबूचे, वर पानांनी शाकारलेले. पाडव्याला गुढी उभारायची काठी बांबूची. मूल जन्मले की त्याला सुपात घालतात, आणि माणूस गेला की बांबूच्याच तिरडीवरून नेतात. यांतल्या कित्येक वस्तू आता प्लास्टिकच्या आणि पत्र्याच्या झाल्या. तरीही सुपाची सर प्लास्टिकच्या सुपाला येत नाही, हे पाखडणारी बाईच सांगेल. दाणा, कोंडा आणि खडा वेगळा होतो तो कामट्यांच्या विणीवर घासून.

पावसाळ्यात आलात तर कोवळे कोंबही विकायला दिसतील. इकडे त्यांना वास्ते म्हणतात. कोंब कच्चा खाऊ नये. त्यात कडसर विषारी अंश असतो. वरची साले काढून बारीक चिरावे, रात्रभर पाण्यात ठेवावे, पाणी बदलावे, मग चांगले उकळून ते पाणी फेकून द्यावे आणि नंतर फोडणीला टाकावे. आणखी एक हिशेब ध्यानात असू द्या. आज मोडलेला प्रत्येक कोंब म्हणजे तीन वर्षांनंतरची एक काठी कमी. म्हणून जाणती माणसे बेटातले सगळे कोंब कधी काढीत नाहीत.

वैनगंगेपलीकडे

मूल आणि सावली मागे टाकून व्याहाडच्या पुढे वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा लागतो. १९८२ साली चंद्रपूरचे विभाजन होऊन हा जिल्हा झाला. त्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग जंगल आहे. गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्याला सुमारे ३० किलोमीटर गेले की मेंढा हे गोंड आदिवासींचे गाव येते. शेजारच्या लेखा गावामुळे लोक त्याला मेंढा-लेखा म्हणतात. शंभराच्या आसपास घरांचे हे गाव पाहण्यासाठी दुरून माणसे येतात. इथे ना देऊळ प्रसिद्ध, ना धबधबा. बांबू कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर या गावाने मिळवले, म्हणून ती येतात.

ही गोष्ट समजायची तर थोडा कायदा पाहावा लागेल. १९२७ साली इंग्रज सरकारने भारतीय वन कायदा केला. त्यात ‘झाड’ या शब्दाची व्याख्या होती, आणि त्या व्याख्येत ताडामाडांबरोबर, वेताबरोबर बांबूही घातला होता. गवताला कायद्याने झाड केले. ऐकायला ही गंमत वाटेल, पण परिणाम गमतीचे नव्हते. जंगलातला बांबू सागाच्या ओळीत जाऊन बसला. पिढ्यान् पिढ्या जंगलात राहिलेल्या माणसाला त्यावर हक्क सांगता येईना. घराच्या डागडुजीसाठी आणलेल्या मोळीलाही परवानगीचा प्रश्न येई. इकडे हाच बांबू वर्षानुवर्षे करारावर तोडून कागद कारखान्यांकडे जात असे. बल्लारपूरला १९४५ साली कागदाची कंपनी निघाली होती, आणि कागदाचा लगदा करायला बांबू फार चांगला.

मेंढ्याच्या लोकांनी आधी आपले घर सावरले. गावाचे निर्णय बहुमताने न घेता सर्वांच्या संमतीने घ्यायचे, असे ठरले. एकाचीही हरकत असेल तर बोलत राहायचे, घाई करायची नाही. कायदा आणि जंगल समजून घ्यायला अभ्यासगट बसू लागला. देवाजी तोफा हे गावचे पुढारी आणि मोहन हिराबाई हिरालाल हे त्यांचे सोबती, या दोघांनी ही बैठक अनेक वर्षे टिकवली. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही मेंढ्याची घोषणा पुढे साऱ्या महाराष्ट्राला माहीत झाली.

२००६ साली वनहक्क कायदा आला. त्यात बांबू गौण वनोपजात धरला होता, म्हणजे मध, मोह आणि तेंदूपानांच्या पंक्तीला, आणि गौण वनोपजावर गावाचा हक्क मान्य केला होता. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी घोडे अडलेच. जुना कायदा बांबूला झाड म्हणत होता, नवा कायदा गौण वनोपज म्हणत होता. गावाने बांबू तोडला तरी तो गावाबाहेर न्यायला वाहतुकीचा परवाना लागे, आणि परवाना देणारा शब्दावर बोट ठेवून थांबे. हक्क हातात होता, पण विकता येत नाही त्या हक्काची चूल कशी पेटणार?

गाव हटले नाही. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्याला आले आणि वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. एका लहानशा पुस्तकाची ही गोष्ट. पण त्या दिवसापासून आपल्या जंगलातला बांबू किती तोडायचा, कोणाला विकायचा आणि मजुरी किती घ्यायची, हे गाव ठरवू लागले. त्यांच्यामागून जिल्ह्यातल्या इतर ग्रामसभाही आपला बांबू आपण विकू लागल्या.

आणि १९२७ ची ती व्याख्या? ती बदलायला २०१७ साल उजाडले. त्या वर्षी नोव्हेंबरात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात संसदेने कायदा दुरुस्त करून ‘झाड’ या शब्दाच्या व्याख्येतून बांबू काढून टाकला. भात पिकवणाऱ्या माणसाला डोळ्यांनी दिसत होते, ते कागदावर यायला ९० वर्षे गेली.

तुमच्या बांधावर

तुम्ही म्हणाल, मेंढा कुठे आणि आमचे गाव कुठे! पण या बदलाचा फायदा तुमच्याही दारात आला आहे. जंगलात वाढलेला बांबू आजही वनोपजच आहे आणि तिथले नियम निराळे. स्वतःच्या रानात लावलेल्या बांबूवरून मात्र ‘झाड’ या शब्दाचे ओझे उतरले. दोन पिढ्यांपूर्वी शेतकरी म्हणे, बांबू लावून काय करू, तोडायचा तर कचेरीत खेटे घालावे लागतील. ती भीती आता बाळगण्याचे कारण नाही.

मग लगेच सगळे रान बांबूखाली घालावे काय? तसे करू नका. लाखोंच्या उत्पन्नाचे आकडे सांगणारे पुष्कळ भेटतील. आधी आपल्या बाजारात विचारा. टमाट्याच्या पिकाला काठ्या लागतात का, बुरुडाला कोणती जात चालते, मंडपवाला काय भावाने घेतो, याची चौकशी करा. पडीक तुकड्यावर, ओढ्याच्या काठाला, शेताच्या कडेला चार-सहा बेटे लावून सुरुवात करा. विहिरीपासून आणि पिकाच्या ओळींपासून ती दूर ठेवा, कारण बांबूची मुळे ओल ओढतात आणि सावलीही पडते. पाणी साचणारी जमीन मानवेलाला मानवत नाही. पहिली चार-पाच वर्षे काठीला हात लावू नका. गुरे कोवळे कोंब खातात, म्हणून सुरुवातीला कुंपण घाला.

पुढे तोड करताना जंगलातला जुना नियम पाळा. तीन वर्षांची पक्की काठी तोडावी, एक-दोन वर्षांच्या काठ्या बेटाला आधार म्हणून ठेवाव्या. पावसाळ्यात, कोंब फुटत असताना, कोयता लावू नये. जमिनीलगतच्या पहिल्या पेराच्या किंचित वर काप घ्यावा, म्हणजे खोडक्यात पाणी साचून कंद कुजत नाही. तोडलेला बांबू काही दिवस वाहत्या पाण्यात बुडवून ठेवला तर त्यातले पीठ निघून जाते आणि भुंगेरा लवकर लागत नाही. पावसाळा संपला की दरवर्षी बेटाच्या बुडाशी मातीची भर घालावी.

मेंढ्याच्या लोकांना आपल्या बांबूसाठी एका शब्दाशी झगडावे लागले. तुम्हाला एवढा झगडा पडू नये. पण ग्रामसभेत जाऊन बसण्याचा, कायद्याचा कागद कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घेण्याचा आणि कळेपर्यंत विचारत राहण्याचा त्यांचा रिवाज उचलण्याजोगा आहे. पुढच्या ग्रामसभेला आपल्या गावच्या शिवारात, गायरानात आणि ओढ्याकाठी काय काय उगवते आणि ते कोणाच्या नावावर आहे, एवढे विचारून तर पाहा. प्रश्न साधाच आहे, आणि तो विचारायला कोणाच्या परवान्याची गरज नाही.